हाड जुळलं, मग गुडघा का वाकत नाही?

प्रश्न : दहा आठवड्यांपूर्वी कराडहून कोल्हापूरला जाताना आमची गाडी दुभाजकावर आदळली. आमच्या ह्यांच्या उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं. प्लेट टाकली आहे. परवाचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळून येतंय. पण गुडघा निम्माही वाकत नाही. घरी फिजिओथेरपिस्ट येतात. ते गुडघा वाकवायला लागले की हे ओरडतात. मग सासूबाई म्हणतात, "कोवळं हाड आहे, आधी घट्ट होऊ द्या. व्यायाम कुठे पळून चाललाय?" मला दोघांचंही पटतं. हाड नीट जुळतंय तर पाय का चालत नाही? आणि हाड जुळायला विश्रांती लागते, तर त्याच पायाला व्यायाम कसा चालतो?
— एक वाचक, कराड

उत्तर : सासूबाईंची शंका अडाणीपणाची मुळीच नाही. याच प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या नामवंत शल्यविशारदांचे दोन तट पडले होते. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस सांगत, की मोडलेल्या अवयवाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या. त्यांच्या नावाची 'थॉमस स्प्लिंट' आजही वापरात आहे. पॅरिसचे ल्युका-शाँपिओनिएर यांचं मत बरोबर उलटं होतं. हलवलंच नाही तर हाड जुळेल, पण सांधा जाईल, असं ते म्हणत. खरं तर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, कारण एक हाडाबद्दल बोलत होता आणि दुसरा हाडाभोवतीच्या सगळ्या गोष्टींबद्दल.

हाड हा शरीरातला मोठा गुणी भाग आहे. त्वचा कापली तर व्रण राहतो. हाड मोडलं तर तिथे पुन्हा हाडच तयार होतं. आधी रक्ताची गाठ, दोन-तीन आठवड्यांत तिच्या जागी मऊ जोड, साधारण सहा ते बारा आठवड्यांत तो जोड कठीण होऊ लागतो आणि पुढे कित्येक महिने, कधी वर्षं, त्याची डागडुजी चालू राहते. या कामाला रक्तपुरवठा हवा, स्थिरता हवी, पोटात पुरेसं अन्न हवं. रुग्णाने फक्त त्यात मोडता घालायचा नाही. (विडी-सिगारेट हा त्यातला सगळ्यात मोठा मोडता. तमाखूमुळे हाड जुळायला उशीर होतो. घरात कुणी सवयीचं असेल तर हे आजच सांगा.)

हाड असं आपलं आपण जुळतं म्हणून आपला समज होतो, की पायही आपला आपण बरा होईल. पण हाडाभोवती जे आहे, त्याचा कायदा वेगळा आहे.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा एक जोरकस गट असतो. गुडघा सरळ करण्याचं काम त्याचं. त्यातला सर्वांत आतला स्नायू थेट हाडावर पसरलेला आहे. गुडघ्याच्या वाटीच्या वर, या स्नायूखाली, सांध्याच्या आवरणाची एक पिशवी असते. पाय सरळ असताना ती साडीच्या निऱ्यांसारखी दुमडलेली असते आणि गुडघा वाकवला की उलगडते. ती उलगडते आणि स्नायू हाडावरून काही सेंटिमीटर खाली सरकतो, म्हणून तर आपण मांडी घालून बसू शकतो. आता मांडीचं हाड मोडलं की आत लिटरभर रक्तसुद्धा साचू शकतं. तुमच्या यजमानांचं हाड तर नेमकं या पिशवीच्या शेजारीच मोडलं. साचलेल्या रक्ताचे चिकट धागे बनतात, स्नायू हाडाला धरून बसतो, दुमडलेल्या घड्या एकमेकींना चिकटतात. गुडघा वाकेल कुठून? आणि यातलं काहीही एक्स-रेमध्ये दिसत नाही, कारण एक्स-रे हाडाची बातमी देतो, स्नायूंची आणि आवरणाची नाही. "एक्स-रे छान आहे" हे डॉक्टरांचं वाक्य आणि "गुडघा वाकत नाही" हे तुमचं वाक्य, दोन्ही एकाच वेळी खरी आहेत ती अशी.

दुसरं कारण मला याहूनही महत्त्वाचं वाटतं. गुडघ्यात सूज असली की मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मांडीच्या स्नायूकडे जाणारी आज्ञाच दाबून टाकतात. संशोधकांनी निरोगी माणसांच्या चांगल्या गुडघ्यात सुईने थोडं मिठाचं पाणी भरून पाहिलं. वीस ते तीस मिलिलिटर पाणी, म्हणजे दीड-दोन मोठे चमचे, गेल्याबरोबर मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू दबला. दुखत नव्हतं, इजा नव्हती, तरीही. म्हणून अपघातानंतर माणूस "जोर लाव" म्हटल्यावर मनापासून जोर लावतो आणि पाय उचलला जात नाही. घरचे म्हणतात, प्रयत्नच करत नाहीत. कृपा करून असं म्हणू नका. आज्ञा निघते, पण वाटेत अडवली जाते. आणि जो स्नायू वापरात नाही तो भराभर रोडावतो. दोन्ही मांड्यांचा घेर मोजपट्टीने मोजा, फरक तुम्हालाच दिसेल.

सांध्यातल्या गुळगुळीत कूर्चेचं तर आणखी निराळं. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात. सांधा हलला, दाब आला-गेला की सांध्यातलं पाणी तिच्यात झिरपतं आणि त्यातूनच तिला अन्न मिळतं. न हलणारा सांधा उपाशी राहतो. टोरोंटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात सशांवर प्रयोग करून दाखवलं, की इजा झालेली कूर्चा सांधा सतत हलता ठेवल्यावर अधिक चांगली भरून येते. पाय ठेवला की आपोआप हळूहळू वाकवणारं जे मशीन काही रुग्णालयांत दिसतं, ते याच कामातून आलं.

आता सासूबाईंना सांगायची मुख्य गोष्ट. ही प्लेट बसवली कशासाठी? फक्त हाड जुळवायचं असतं तर ते वजन बांधून, ताण देऊन, दोन-तीन महिने खाटेवर निजवूनही जुळलं असतं. आधीच्या पिढ्यांत असंच जुळवत. सासूबाईंनी विटा टांगलेले पाय पाहिलेही असतील. पण त्यातून उठलेल्या माणसाचा गुडघा ताठ, मांडी काठीसारखी आणि पाऊल सुजलेलं असे. जर्मनीत गेरहार्ट क्युंचर यांनी १९३९ साली मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवला. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या काही शल्यविशारदांनी एकत्र येऊन प्लेट आणि स्क्रूचं शास्त्र रचलं. ते ज्याच्याशी झगडत होते ते मोडलेलं हाड नव्हतंच. हाड जुळूनही निकामी राहिलेला पाय होता. प्लेटने हाडाला आतून स्थिर केलं, की बाहेरून सांधा हलवायला मोकळीक मिळते. म्हणजे शस्त्रक्रिया झाली ती व्यायाम करता यावा म्हणून. प्लेट टाकून पाय उशीवर ठेवून दिला, तर तुम्ही शस्त्रक्रियेचा खर्च आणि जोखीम दोन्ही घेतलीत आणि तिचा अर्धा फायदा सोडून दिलात.

"हाड कोवळं आहे" हे मात्र खरं आहे आणि त्यासाठी एक फरक नीट समजून घ्या. सांधा वाकवणं वेगळं आणि पायावर वजन टाकणं वेगळं. गुडघा वाकवायला बहुधा पहिल्या काही दिवसांतच परवानगी मिळते. वजन किती टाकायचं, ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर एक्स-रे बघून ठरवतात आणि तिथे त्यांचाच शब्द शेवटचा. "थोडं वजन टाका" असं सांगितलं असेल तर थोडं म्हणजे किती किलो, ते विचारा. मग वजनकाट्यावर तो पाय ठेवून, वॉकर धरून, तेवढाच आकडा येईपर्यंत दाबायचा सराव करा. दोन-चार दिवसांत पायाला अंदाज येतो. ठरवून दिलेलं वजन हाडाला उपकारकच असतं. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने हाड स्वतःला घडवतं, हे बर्लिनच्या युलिउस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडलं होतं.

घरात कुणी गुडघ्याखाली उशी ठेवत असेल तर ती आज काढा. बरं वाटतं, पण त्या अवस्थेत गुडघा किंचित वाकलेलाच राहून आखडतो आणि पूर्ण सरळ न होणारा गुडघा चालताना फार छळतो. पाय टेकताना लंगड येते, मग कंबर धरते. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या, तो आपल्याच वजनाने सरळ होत जाईल. तसंच पडून मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाच-दहा सेकंद धरायचा, सोडायचा. मघाशी सांगितलेली अडवलेली आज्ञा पुन्हा पोचवण्याचा हा सगळ्यात साधा मार्ग आहे. त्यानंतर टाच गादीवरून घसटत मागे आणायची, जमेल तितका गुडघा वाकवायचा. फिजिओथेरपिस्ट दिवसातला तासभर येतात. उरलेले तेवीस तास तुमचे आहेत. त्या तेवीस तासांत पाच-पाच मिनिटांचे सहा-सात फेरे झाले, तर त्यांच्या तासाला अर्थ येतो.

ओरडण्याबद्दल. ताणल्यासारखं, ओढल्यासारखं दुखणं अपेक्षित आहे. व्यायाम संपल्यावर ते तास-दोन तासांत उतरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा जास्त सुजलेला नसेल, तर मात्रा योग्य होती. सकाळी सूज वाढलेली दिसली, तर ती जास्त झाली. जबरदस्तीने, किंकाळी फुटेपर्यंत वाकवण्याच्या मी विरुद्ध आहे. माणूस घाबरून सगळे स्नायू आवळतो, आतले धागे फाटून पुन्हा रक्त येतं, सूज वाढते आणि सुजेने स्नायू पुन्हा दबतो. व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, मग हलका शेक, मग व्यायाम आणि नंतर बर्फ, असा क्रम लावता येईल का, ते विचारा. फिजिओथेरपिस्टशी मोकळेपणी बोला. चांगला फिजिओथेरपिस्ट रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघत हात चालवतो.

किती वाकलं म्हणजे पुरे? सपाट रस्त्यावर चालायला गुडघा सुमारे साठ ते सत्तर अंश वाकावा लागतो, जिन्याला नव्वदच्या आसपास, खुर्चीतून हाताचा टेकू न घेता उठायला नव्वद ते एकशेपाच. उकिडवं बसायला एकशेतीसच्याही पुढे जावं लागतं. म्हणून "चालतोय ना, बस झालं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ज्याला शेतात, देवापुढे, पंगतीला जमिनीवर बसायचं आहे, त्याचं ध्येय वेगळं असतं. ते पहिल्याच भेटीत सांगा आणि दर आठवड्याला अंश मोजून वहीत लिहून ठेवा. पहिले तीन-चार महिने सोन्यासारखे आहेत, कारण तोवर आतले धागे लवचिक असतात. आकडा सलग तीन-चार आठवडे हलला नाही तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. भूल देऊन गुडघा वाकवणं किंवा चिकटलेले भाग दुर्बिणीने सोडवणं असे उपाय असतात आणि ते वेळेत केलेले बरे.

पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली किंवा धाप लागली, छातीत कळ आली, तर व्यायाम नाही, मालिश नाही. तडक रुग्णालय गाठा. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

प्रश्न : सिग्नलला गाडी उभी असताना मागून टेम्पोने धडक दिली. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मान वळेना, डोकं दुखायला लागलं. एक्स-रे नॉर्मल आहे. मेडिकलमधून पट्टा आणला, तो महिनाभर लावतोय, तरी बरं नाही. एक्स-रे चुकला असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एक्स-रे चुकलेला नसावा. मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते आणि डोकं क्षणभर जागच्या जागी राहतं. सेकंदाच्या दहाव्या भागात मानेचा कणा इंग्रजी 'एस'सारखा वळतो. खालचे मणके मागे झुकतात, वरचे पुढे. हाड मोडत नाही, पण मणक्यांमधले बारीक सांधे, त्यांची आवरणं, स्नायू ताणले जातात. सूज चढायला काही तास ते एक-दोन दिवस लागतात, म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी येतं. रस्त्यावर "मला काही झालं नाही" म्हणून सही करून मोकळं होऊ नये ते याचसाठी.

पट्ट्याबद्दल स्पष्ट सांगतो, तो आता सोडा. कॅनडातल्या क्विबेक प्रांताने नेमलेल्या तज्ज्ञगटाने या दुखण्यावरचं सगळं संशोधन चाळून १९९५ साली अहवाल दिला आणि रोजची हालचाल लवकर सुरू करा, पट्टा फार काळ लावू नका, असा कौल दिला. पट्ट्यात मानेच्या खोलवरच्या स्नायूंना काम उरत नाही. ते दुबळे होतात, मग पट्टा काढला की मान जड वाटते आणि माणूस पुन्हा पट्टा लावतो. आधी फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. मग दिवसातून चार-पाच वेळा मान सावकाश डावी-उजवीकडे, खाली-वर, जेवढी विनासायास जाईल तेवढी न्यायची. हनुवटी किंचित आत घेण्याचा हलका व्यायाम ते शिकवतील. मानेच्या पुढच्या खोल स्नायूंना तो जागं करतो. बहुतेक जण दोन-तीन महिन्यांत कामाला लागतात. मात्र हातात मुंग्या किंवा कमजोरी, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काही असेल तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

गाडी दुरुस्त होऊन आली की सीटमागची डोक्याची उशी वर ओढा. तिची वरची कड निदान कानांच्या वर, शक्यतो डोक्याच्या माथ्याइतकी उंच हवी आणि डोकं तिच्या जवळ असावं. अनेक गाड्यांत ती खाली दाबलेली असते आणि मग मानेला आधार मिळतच नाही.

प्रश्न : अपघातात भाच्याचं कोपर निखळलं होतं. बसवून प्लास्टर घातलं, ते आता काढलं आहे, पण हात सरळ होत नाही. गावात एक जण तेल लावून चोळून मोकळं करतात. चांगला गुण येतो म्हणतात. न्यावं का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नेऊ नका. कोपर हा फार रागीट सांधा आहे. इजा झालेल्या कोपराला जोरात चोळलं, ओढलं, तर भोवतीच्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागतं आणि मग सांधा कायमचा अडकू शकतो. चोळून घेतलेली अशी कोपरं आपल्याकडच्या अस्थिरोग विभागांत पुन्हा पुन्हा येतात. कोपराला मुलाने स्वतः, स्वतःच्या जोरावर, वेदनेच्या अलीकडे थांबून दिवसातून अनेकदा हलवणं एवढंच मानवतं. जड बादली उचलून हात सरळ करणं हाही घातक सल्ला आहे. खांदे-पाठ थकली असेल तर तिथे हलकं तेल लावायला माझी काही हरकत नाही.

प्रश्न : फिजिओथेरपीला महिन्याला बराच खर्च येतोय. मशीन लावण्याचे वेगळे पैसे घेतात. सरकारी योजनेतून काही मिळतं का? आणि हे लोक खरे शिकलेले आहेत, हे कसं ओळखायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : केंद्र सरकारने मे २०२५मध्ये रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तिच्यात प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, पण ते अपघातापासून सात दिवसांपर्यंतच. जीव वाचवायला हे मोलाचंच आहे. तरी सात दिवसांत मोडलेल्या पायाचा गुडघा पूर्ववत वाकू लागत नाही. २०२२ या एका वर्षात देशात ४,४३,३६६ माणसं रस्त्यांवर जखमी झाली. त्यांतले किती जण पैशांपायी व्यायाम अर्धवट सोडून लंगडत राहिले असतील, याचा विचार केला की मला अस्वस्थ व्हायला होतं. पुनर्वसनाचे निदान तीन महिने तरी अशा योजनेत आले पाहिजेत.

तोवर दोन गोष्टी करा. सरकारी आणि महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले फिजिओथेरपी विभाग नाममात्र शुल्कात चांगलं काम करतात. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर केईएम रुग्णालयात १९५३ साली देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली, आणि हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५पासून याच कामासाठी आहे. दुसरं म्हणजे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात नुकसानभरपाई मागणार असाल तर फिजिओथेरपीची प्रत्येक पावती, रिक्षाचं भाडं, अंशांची नोंदवही जपून ठेवा. कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, वकिलाला लवकर भेटा. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं आहे. हात गमावलेल्या चालकाची जवळजवळ सगळी कमाई जाते, कारकुनाची तेवढी जात नाही. म्हणून प्रमाणपत्रावरच्या टक्क्याबरोबर तुमचं काम नेमकं काय होतं आणि आता त्यातलं काय जमत नाही, हेही लिहून घ्या.

शिक्षणाचं म्हणाल तर बीपीटी किंवा एमपीटी ही पदवी आणि महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात संकोच कसला? मशीनबद्दल साधी कसोटी सांगतो. करंट किंवा शेक लावून दुखणं थोडा वेळ कमी होतं आणि त्या वेळात व्यायाम करून घेतला तर पैसे वसूल. पण अर्धा तास मशीन लावून, हातही न लावता, व्यायाम न शिकवता कुणी घरी पाठवत असेल, तर पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे जा.